पहिलं नको

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून खाली निघाली तेव्हा डेल श्रोडरच्या हातात कागदी बशी होती आणि बशीत क्वाबेनाच्या केकचा निळ्या क्रीमचा तुकडा. केक संस्थेच्या स्वयंपाकघरात कापला होता. सरोवरात तरंगणाऱ्या यंत्रांची देखभाल करणारा घानाचा इंजिनिअर क्वाबेना, त्याचं ग्रीन कार्ड आलं होतं. विद्यापीठानं त्याच्यासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला होता. लिफ्टमध्ये शेजारी उभी असलेली मंदाना म्हणाली, फार छान झालं. संस्थेचा प्रमुख या नात्यानं डेलनंही मान डोलावली. "हो ना. तुझंही एव्हाना होऊन गेलं असतं," तो म्हणाला, "पण तुला नको होतं." आणि त्यानं काट्यानं क्रीम उचलून तोंडात घातलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नाराजीही नव्हती. कुणाला चहात साखर नको असते, कुणाला खिडकीजवळची जागा नको असते, तसं हिला ग्रीन कार्ड नको, एवढंच. दार उघडलं, तो बाहेर पडला आणि गोदीच्या बाजूनं चालायला लागला. मंदानालाही तळमजल्यावरच उतरायचं होतं, पण ती उतरली नाही. दार मिटलं, वरून कुणी तरी बटण दाबलं असावं, लिफ्ट तिला घेऊन पुन्हा वर निघाली.

तुला नको होतं. प्रयोगशाळेत येऊन तिनं हातमोजे चढवले, कारण हातांना काही तरी हवं होतं. काचेच्या पट्टीवर एका सामन माशाच्या कानातला खडा बसवलेला होता. माशाच्या कानात असा खडा असतो, तांदळाच्या कणीएवढा, आणि त्यावर रोज एक पातळ थर चढतो. खडा मधोमध कापायचा, घासून आरशासारखा करायचा आणि मग गाभ्यापासून कडेपर्यंत लेझरनं टिपत जायचं. ज्या पाण्यात मासा वाढला त्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम, प्रत्येक ओढ्यात जरा वेगळं असणारं मूलद्रव्य, त्या त्या थरात सापडतं, म्हणून तो कोणत्या ओढ्यात जन्मला आणि कधी सरोवरात उतरला ते सांगता येतं. पार्टीत हे ऐकलं की लोकांचे डोळे चमकत. अरे वा, म्हणजे तुझ्यासारखंच की, जन्म एकीकडे आणि आयुष्य दुसरीकडे, असं प्रत्येक जण म्हणे आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं अशा आनंदात म्हणे. मंदाना हसून दाद द्यायची. तिला स्वतःला ती उपमा कधी पटली नव्हती. माशाला कुणी व्हिसा विचारत नाही, आणि मासा कुणाला नको म्हणत नाही.

ती दुपार तिला लख्ख आठवत होती, उलट इतके दिवस ती एखाद्या चांगल्या गोष्टीसारखी जपलेली होती. हिवाळा होता. डेल अंगात जाड कोट घालून तिच्या दारात उभा राहिला होता, घरी जाता जाता. म्हणाला, "विद्यापीठानं तुझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करावा असं माझ्या मनात आहे. काय म्हणतेस?" ती खुर्चीतून उठून उभी राहिली. हात आपोआप छातीवर गेला. "नको, नको, डॉक्टर श्रोडर," ती म्हणाली, "कशाला एवढा त्रास? तुमच्या मनात आलं हेच मला खूप आहे." तो क्षणभर उंबऱ्यातच थांबला. "बरं," म्हणाला. "समजलं." आणि गेला. त्याच्या त्या क्षणभर थांबण्यात तिला यजमानाची अदब दिसली होती. आज एकदा विचारून ठेवलं, आता पाहुणीला जरा अवधी द्यायचा आणि मग पुन्हा विचारायचं, असं काहीसं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं इराणमध्ये, रश्तला, आईला फोन लावला आणि सांगितलं, मामान, त्यांनी विचारलं. "तू काय म्हणालीस?" "नको म्हणाले." "शाब्बास," मामान म्हणाली होती. पुढं कित्येक आठवडे मामान प्रत्येक फोनवर विचारायची, दुसऱ्यांदा विचारलं का गं? मंदाना सांगायची, अजून नाही, कामात असतात. दोघींनाही त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मंदानानं तर दुसरं नको तयारही करून ठेवलं होतं, पहिल्यापेक्षा मऊ, थोडं हसरं, ज्यातून माणसाला कळावं की तिसऱ्यांदा विचारलं तर ही हो म्हणणार आहे. संस्थेच्या बैठकीत डेल घसा खाकरला की ती ताठ बसायची. तो कॉफीच्या यंत्राबद्दल काही तरी बोलायचा. दुसरा हिवाळा आला आणि गेला.

तिच्या लहानपणी रश्तच्या बाजारात वडील मासा घ्यायला जात तेव्हा तिला बरोबर नेत. मासेवाला आगा मोर्तेझा पांढरा मासा कागदात गुंडाळून पुढे करायचा आणि पैसे विचारले की म्हणायचा, असू दे हो, तुमच्यापुढं याची काय किंमत. वडील म्हणायचे, छे छे, सांगा. तो म्हणायचा, खरंच, घेऊन जा. वडील तिसऱ्यांदा म्हणायचे, तुम्हाला माझी शपथ. मग मोर्तेझाचा आवाज खाली यायचा आणि त्या खालच्या आवाजात तो जी किंमत सांगायचा ती चांगली चढी असायची. वडील ती निमूट द्यायचे, दोघं एकमेकांच्या आरोग्याची चौकशी करायचे आणि बाजार पुढं चालायचा. एकदा बंदरावर काम करणारा एक परदेशी इंजिनिअर मासे घ्यायला आला. मोर्तेझा म्हणाला, असू दे साहेब, तुमच्यापुढं याची काय किंमत. त्या माणसाचा चेहरा उजळला. त्यानं मोर्तेझाचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, पुन्हा पुन्हा आभार मानले आणि दोन मोठे मासे काखोटीला मारून तो निघून गेला. सगळा बाजार हसला होता. मोर्तेझा मात्र हसऱ्या तोंडानं तसाच उभा होता. हसू मागं घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. वडील वाटेत म्हणाले, बिचारा. मंदानानं विचारलं, कोण, बाबा? वडील माशाचं पुडकं दुसऱ्या हातात घेऊन पुढं चालत राहिले. आता काचेच्या पट्टीवर वाकलेल्या मंदानाला आपल्या तोंडावर तेच हसू असल्याचं जाणवलं. लिफ्टपासून होतं ते. दीड वर्षापासून होतं.

त्या संध्याकाळी ती शोहरेकडे गेली. शोहरे तिची या शहरातली सगळ्यात जुनी मैत्रीण, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. नवरा मुलांना घेऊन फुटबॉलला गेला होता आणि ती ओट्याशी वांगी भाजत होती. सगळं ऐकल्यावर तिनं चिमटा खाली ठेवला.

"थांब, थांब. तू अमेरिकेशी तआरोफ केलास?"

"तोंडातून निघून गेलं."

"पीएचडी झालेली बाई. देवा." शोहरेनं कपाळावर हात मारला. "अगं, या देशाला एकदा नको म्हटलं की तो पुढच्या टेबलाकडे वळतो. मी नवीन आले होते तेव्हा शेजारणीनं जेवायला बोलावलं. आणखी बटाटे वाढू का म्हणाली, मी म्हटलं नको नको. तिनं भांडं उचललं, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून मी पहिल्या हाकेला ताट पुढं करते."

"ते बटाटे होते, शोहरे."

"पोट तेच असतं." शोहरेनं वांगं सोलायला घेतलं. "सहावं वर्ष कधी लागतंय तुझं?"

"ऑगस्टात."

शोहरेला पुढचं सांगायची गरज नव्हती, या शहरातल्या त्यांच्यातल्या कुणालाच नसते. कामाचा व्हिसा सहा वर्षांचा. सहावं लागायच्या आत विद्यापीठाचा अर्ज दाखल झाला नाही तर मुदत संपल्यावर सामान बांधायचं. स्वतःच स्वतःसाठी अर्ज करायचा एक रस्ता होता, पण तो लांबचा आणि बेभरवशाचा. शिवाय या व्हिसावर, आणि त्याआधीच्या विद्यार्थी व्हिसावरही, देशाबाहेर पाऊल ठेवलं तर परत आत यायला मिळेलच याची खात्री नाही, म्हणून मंदाना नऊ वर्षं घरी गेली नव्हती. वडील गेले ते तिनं फोनच्या पडद्यावर पाहिलं, चुलत भावानं हातात धरलेल्या फोनवर, आणि त्याचा हात थरथरत असल्यानं तिला बराच वेळ फक्त लोकांचे बूट आणि चिखल दिसला होता. रश्तमध्ये पाऊस होता. मामान नंतर म्हणाली, बरं झालं आली नाहीस, दमली असतीस. पुढंही दर वेळी तेच. येऊ नकोस, काम सांभाळ, इथं काय आहे.

"जा आणि माग," शोहरे म्हणाली.

"मागायचं?"

"मागायचं. तोंडानं. कर्ता, कर्म, क्रियापद. मला. ग्रीन कार्ड. हवंय."

सकाळी ती सरोवराच्या काठानं चालत कामावर निघाली. जूनमधलं धुकं पाण्यावर बसलेलं होतं आणि वारा नदीच्या खोऱ्यातल्या यीस्टच्या कारखान्याकडून असल्यामुळे हवेत गरम, पावासारखा वास होता. ती वाक्यं जुळवून पाहत होती. प्रत्येक वाक्य 'माफ करा' पासून सुरू व्हायचं आणि 'तुम्हाला शक्य असेल तरच' वर संपायचं, आणि मधे जे सांगायचं ते गादीवर ठेवलेल्या अंड्यासारखं आत रुतून बसायचं. तिच्या घरात मागणं ही गोष्टच नव्हती. वडिलांनी आयुष्यात कुणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही. ते म्हणायचे, आज फार उकडतंय नाही, आणि समोरचा धावत जाऊन पेला आणायचा. तआरोफ म्हणजे देणाऱ्याचा आग्रह आणि घेणाऱ्याचे आढेवेढे, दोन्ही मिळून एकच शब्द, आणि त्या शब्दात दोघांचीही लाज झाकलेली असते. देणारा मोठा होत नाही, घेणारा लहान होत नाही. हे तिला आजही सुंदर वाटत होतं. तिला त्याची शरम वाटत नव्हती, वाटावी असं शोहरेला वाटत असलं तरी. फक्त हा दोघांचा खेळ आहे आणि ती दीड वर्षं तो एकटीच खेळत होती. एकटीनं खेळलं की त्याचं काय होतं? पाळणा एकाच बाजूनं ढकलल्यासारखं? तिनं उपमा सोडून दिली. पाण्याजवळ एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्यानं तिला पाहून टोपी उचलली आणि ती न थबकता पुढं गेली, आणि मग तिला जाणवलं की आपण भराभर चालतो आहोत आणि ते भयानं नाही. तिला राग आला होता. डेलचा नाही, मामानचा नाही, कुणाचाच नाही. नुसता स्वच्छ, उपयोगी राग, जो कधी कधी यंत्र नीट चालत नसताना यायचा आणि ज्याच्या जोरावर तिनं ते यंत्र उघडून दुरुस्त केलेलं असायचं.

डेल टेबलाशी बसून कुणाच्या तरी अहवालात लाल खुणा करत होता. ती बसली नाही.

"डॉक्टर श्रोडर, मला ग्रीन कार्ड हवंय. विद्यापीठानं माझ्यासाठी अर्ज करावा."

त्यानं चष्मा वर केला. "पण तू तर नको म्हणालीस."

"ते पहिलं नको होतं."

"म्हणजे आणखी असतात?"

"तीन असतात. पहिली दोन खरी नसतात."

डेलनं हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उमटत गेलं. "आणि तू तेव्हापासून..."

"तुम्ही दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहत होते."

"देवा रे," तो म्हणाला, आणि हसावं की नाही हे न कळून त्यानं नाक चोळलं. "मला वाटलं तुला घरी परत जायचं असेल. किंवा दुसरीकडे नोकरी बघत असशील. खाजगी गोष्ट, म्हणून पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे..."

"आगाऊपणा."

"हो."

म्हणजे त्यानंही अदबच दाखवली होती. दोघं दीड वर्षं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होते. हे कळून तिला बरं वाटायला हवं होतं, पण डेलचा चेहरा पडला होता. "अडचण अशी आहे," तो म्हणाला, "की मी वर कळवून टाकलंय. तुला रस नाही म्हणून. डीनबाई वर्षाला मोजकेच अर्ज मंजूर करतात आणि आमच्या संस्थेचा क्वाबेनाला गेला. आता दुसरा मागायचा तर त्या विचारणार, हिच्यावाचून अडतंय का." आणि तिनं काही म्हणायच्या आत त्यानं फोनचं बटण दाबलं. फोन स्पीकरवर होता. डीन लॉरेन पिओत्रोव्स्की यांचा आवाज खोलीत आला, मागं कुठं तरी भांड्यांचा आवाज, बहुतेक त्या घरी नाश्ता करत होत्या. डेलनं मोडकंतोडकं सांगितलं, ऑगस्टची मुदतही. तीन नकारांचं त्यानं गाळलं. फक्त गैरसमज झाला होता एवढंच म्हणाला.

"माझ्याकडे नोंद आहे की डॉक्टर मंदाना खलीलींना नको आहे," डीनबाई म्हणाल्या. "डेल, मी स्पष्ट विचारते. या बाई गेल्या तर तुझं काम अडेल?"

"त्या इथंच उभ्या आहेत," डेल म्हणाला. "त्यांनाच विचारा ना."

रश्तमध्ये या प्रश्नाला एकच उत्तर आहे, ते तिच्या जिभेवर तयार होतं. मी कोण, मी तर तुमच्या पायाची धूळ. माझ्यासारख्या शंभर मिळतील. ते म्हटलं की समोरच्यानं नाही नाही म्हणायचं, तुमच्यासारख्या तुम्हीच, असं म्हणायचं. तिनं फोनच्या त्या काळ्या जाळीकडे पाहिलं. त्या जाळीतून कुणीही नाही नाही म्हणणार नव्हतं. आणि मग तिला एक साधी गोष्ट सुचली, इतकी साधी की ती एवढी वर्षं कशी सुचली नाही याचं नवल वाटावं. आपल्या शोधनिबंधांत तिनं कधीही लिहिलेलं नव्हतं की हा मासा बहुधा, माझ्या अल्पमतीप्रमाणे, अमुक ओढ्यातला असावा. ती आकडा लिहायची आणि पुढं चूक किती संभवते ते लिहायची. हेही एक मोजमापच होतं. फक्त पट्टीवर ती स्वतः होती.

"अडेल," मंदाना म्हणाली. "सरोवराच्या चारही राज्यांचे मत्स्यविभाग नमुने आमच्याकडे पाठवतात, कारण मासा नेमक्या कोणत्या ओढ्यातला ते फक्त इथं सांगता येतं. ती पद्धत मी बसवली. लिहून ठेवली आहे, कुणालाही वाचता येईल, पण वाचून येत नाही. दोघांना मी शिकवते आहे. ते हुशार आहेत. त्यांना अजून दोन वर्षं लागतील, कदाचित थोडी कमी. मी गेले तर तोवर काम बंद राहील."

पलीकडे चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"कमाल आहे," डीनबाई म्हणाल्या. "असं सरळ उत्तर मला या खात्यातून कधी मिळालं नव्हतं." डेलनं छताकडे पाहिलं. "बरं. एकदा नोंद झाली आहे, म्हणून पुन्हा विचारते. तुम्हाला हे खरंच हवं आहे का, डॉक्टर खलीली?"

दुसऱ्यांदा. ते आलं होतं. दीड वर्ष ज्याच्यासाठी आपण बैठकांमधून ताठ बसून राहिलो ते असं आलं होतं, सकाळी, नाश्त्याच्या भांड्यांच्या आवाजात. आणि ते मऊ, हसरं, घोटून तयार केलेलं दुसरं नको तिच्या घशातून वर आलं, पाळलेल्या पक्ष्यासारखं, शीळ ऐकताच. ते जिभेपर्यंत आलेलं तिला स्पष्ट कळलं. त्याला तिथंच ठेवून ती म्हणाली, "हो."

तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. "मग डेल, आजच कामाला लागा," डीनबाई म्हणाल्या, "ऑगस्ट काही लांब नाही." फोन बंद झाला. डेल उठून उभा राहिला, त्यानं हात पुढं केला आणि ती तो हातात घेत असताना म्हणाला, "मंदाना, गेल्या वर्षी मी तुला बैठकीचं टिपण लिहायला सांगितलं तेव्हा तू 'आनंदानं' असं म्हणाली होतीस. ते..."

"ते तआरोफ होतं," ती म्हणाली. "मला टिपणं लिहायला मुळीच आवडत नाही."

डेल मोठ्यानं हसला. ती पायऱ्या उतरून प्रयोगशाळेत गेली, तिनं स्टुलावर बसून चक्क टेबलावर डोकं टेकलं, आणि तशीच हसत राहिली, एकटीच, आवाज न करता. आपल्याला 'हो' एवढा छोटा शब्द माहीत होता. तो तोंडात कसा वाटतो हे माहीत नव्हतं. खरबुजाच्या पहिल्या फोडीसारखा, थंड. ही उपमा तिनं राहू दिली.

पुढं जे झालं ते कंटाळवाणं होतं आणि तिनं ते कंटाळा न करता केलं. अर्जात तिला असामान्य संशोधक म्हणायचं होतं. कायद्याचा शब्दच तो. विद्यापीठाच्या वकिलांनी मसुदा पाठवला तेव्हा त्यातल्या दोन ठिकाणी तिनं 'असामान्य' कमी केलं नाही, उलट एका ठिकाणी त्यांनी तिची पद्धत 'उपयुक्त' म्हटली होती तिथं 'एकमेव' केलं, कारण ते खरं होतं. ऑगस्टाच्या आधी अर्ज दाखल झाला. डेल त्या काळात सगळ्यांनाच सगळं तीन-तीनदा विचारायला लागला, कॉफी हवी का, नक्की नको का, आणि क्वाबेना वैतागून म्हणाला, "मालक, मला खरंच कॉफी नको आहे, मी घानाचा आहे." शोहरे हे ऐकून इतकी हसली की तिला बसावं लागलं. शरद गेला, सरोवराच्या काठाला बर्फ धरलं, आणि जानेवारीतल्या एका सकाळी कार्ड आलं. मंदानानं ते पाकीट उघडलं, कार्डावरचा स्वतःचा घाबरलेला फोटो पाहिला आणि कोटही न काढता रश्तला फोन लावला. तिथं संध्याकाळ झालेली होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग मामानचं कपाळ, मग मामान.

"मामान, झालं. कार्ड आलं."

मंदानानं मनाची तयारी केली. आता मामान म्हणणार होती, छान झालं, पण येऊ नकोस, एवढा खर्च, एवढं लांब, इथं काय आहे. मग आपण म्हणायचं, येणार. ती म्हणेल, नको गं. त्या आग्रहाची पहिली ओळ मंदानाच्या ओठांवर होती.

"कधी येतेस?" मामान म्हणाली.

मंदानानं हातातलं पाकीट उलटसुलट केलं.

"नवरोजला ये," मामान म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, बाजारात यादी सांगावी तसा. "पांढरा मासा तेव्हा चांगला येतो. आणि येताना काही आणू नकोस. हा तआरोफ नाही, खरंच आणू नकोस. रिकाम्या बॅगा आण. परत जाताना लसणाचं लोणचं देईन, सुकवलेली भाजी देईन, आलुबुखाराचा गर करून ठेवलाय. बाबांचा लोकरी कोट आहे, तो तुला मोठा होईल, तरी ने."

परत जाताना. नऊ वर्षांत हे दोन शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते, कारण परत जाता येत नाही हेच तर सगळं होतं. मामाननं ते सहज म्हटले, मिठाची बरणी सरकवावी तसे. मंदाना पाकीट हातात धरून, गळ्यापर्यंत कोट घालून उभी होती, आणि खिडकीबाहेर सरोवर इतकं पांढरं होतं की आकाश कुठं लागतं ते कळत नव्हतं.

"किती सामान नेऊ देतात गं विमानात?" मामाननं विचारलं.

"दोन बॅगा," मंदाना म्हणाली.

"दोनच?" मामाननं क्षणभर हिशेब केला. "मग वर्षातून दोनदा ये."